शेडमध्ये सगळ्यात स्पष्ट बोलणारी

माझी थोरली बहीण दोन वर्षांची असताना तापाने फणफणली, आणि ताप उतरला तो तिचे दोन्ही कान घेऊनच. आम्ही तिला ताई म्हणतो. म्हणजे मी म्हणते. तिने ते कधी ऐकलेलं नाही. बाबा घरांना रंग द्यायचं काम करायचे. शिडीवरून उतरायचं, हातांचा रंग घासून काढायचा आणि लेकीला घेऊन नव्या डॉक्टरकडे जायचं, असं त्यांनी वर्षभर केलं. शेवटच्या डॉक्टरने तिच्या कानामागे जोरात टाळी वाजवली. ताई समोरच्या कॅलेंडरकडेच बघत राहिली. त्या दिवशी बाबांनी नाद सोडला.

आई मात्र मुळीच डगमगली नाही, कारण बहिऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते तिला आधीपासून येत होतं. ती कापडाच्या गिरणीत विणकर होती. एका लांबलचक शेडमध्ये एकशे वीस साचे होते. कापड विणायच्या यंत्राला तिथे साचा म्हणत. सकाळी सातला भोंगा झाला की सगळे एकदम सुरू व्हायचे. एकेका साच्यात लाकडी धोटा सूत घेऊन इकडून तिकडे आपटायचा, आणि असे एकशे वीस धोटे. शेजारीण कानाशी तोंड नेऊन ओरडली तरी कानाला फक्त ऊब लागायची, शब्द नाही. म्हणून आईच्याही आधीच्या बायकांनी तिथे हातांची एक बोली करून ठेवली होती. चिमूट धरून फटकन सोडली की सूत तुटलं. तळहात नखाने खाजवला की कापडात दोष आलाय. मनगटावर दोन टिचक्या, म्हणजे सुट्टीला किती वेळ राहिला?

पण दिवसाचे आठ तास नुसतं कामाचं कोण बोलणार? त्या बोलीत सासू होती, सासूची दुखणी होती, कुणाला कितवा महिना लागला ते होतं, आणि प्रत्येक वरच्या माणसासाठी एकेक खूण होती. साचे दुरुस्त करणाऱ्याला जॉबर म्हणत. आमच्या जॉबरचं पोट चांगलं घागरीएवढं होतं, तेव्हा त्याची खूण काय असेल ते सांगायला नकोच. मॅनेजरसाहेब जिना चढून आले की धापा टाकायचे. म्हणून दारातल्या बाईने गाल फुगवले की शेवटच्या साच्यापर्यंत कळायचं, कोण आलंय. साहेब लोकांना इतकी वर्षं वाटत होतं, बायका तोंडावर उडालेला कापूस झटकतायत. त्यांना कुणी सांगायचं नाही, हा शेडचा पहिला नियम.

तर आई घरी येऊन ताईशी हीच बोली बोलायला लागली. दुसरी होती कुठे तिच्याकडे? तीन वर्षांची ताई एकदा तुटलेली मण्यांची माळ घेऊन आईपुढे उभी राहिली आणि चिमूट धरून तिने फटकन सोडली. तो तिचा पहिला शब्द. आई सांगते, मी मोरीत जाऊन रडले आणि मग बाहेर येऊन माळ ओवून दिली.

मी ताईहून चार वर्षांनी धाकटी. मला दोन्ही बोली एकदमच आल्या, तोंडाची आणि हाताची. अक्षरं आम्हाला बाबांनी शिकवली. कामावरून उरलेला रंग आणायचे आणि घराच्या मागच्या भिंतीवर हातभर मोठं एकेक अक्षर काढायचे. शाळेत ताईला शेवटच्या बाकावर बसवून ठेवलं होतं, पण आमच्या भिंतीवर ती पुढच्या बाकावर होती.

ती अकरा वर्षांची असताना आई एकदा चष्मा घरीच विसरली. आम्ही दोघी तो द्यायला गिरणीत गेलो. दरवान ओळखीचा. त्याने आम्हाला शेडच्या दारापर्यंत सोडलं. दार उघडलं तशी मी कान दाबून भिंतीला चिकटले. ताई तिथेच थबकली. समोर साठेक बायका साच्यांमधून फिरत होत्या आणि सगळ्या हातांनी बोलत होत्या. तोवर तिची समजूत होती की ही बोली जगात फक्त आमच्या घरात आहे. ती इकडून तिकडे बघत होती, कुणाचं बघू आणि कुणाचं नको असं तिला झालं होतं. पलीकडच्या रांगेत एक बाई दुसरीला जावयाची तक्रार सांगत होती. ताईने ती पूर्ण ऐकली. हो, ऐकली असंच म्हणते मी.

आई चष्मा घ्यायला आली तेव्हा ताईने हाताने विचारलं, "या सगळ्या बहिऱ्या आहेत?"

"आत आल्यावर सगळ्याच," आईने हातानेच उत्तर दिलं.

हे बायकांनी पाहिलं आणि बोभाटा झाला. शेडची बोली घरी शिकवली म्हणजे काय! त्याच आठवड्यात एका दुपारी शेडची लीडरबाई आमच्या घरी आली. उंच, रुंद, आवाज असा की मागच्या गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहावं. साहेबांशी भांडायला बायका तिलाच पुढे करायच्या.

"आपल्या पोटापाण्याची गोष्ट आहे ही," ती आईला म्हणाली. "पोरी उद्या कुणाकुणाला दाखवत सुटतील. मग?"

"लीडरबाई, तुम्ही आधी बसा. तिला बोलायला दुसरं काहीच नाही हो," आई म्हणाली.

लीडरबाई बसली. तिने ताईकडे बघून हात हलवले, "मी कोण, माहीत आहे का तुला?"

ताई आनंदून गेली. घराबाहेरचं माणूस पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होतं. तिने दोन्ही कोपरं अंगाला लावली आणि पंख फडफडवल्यासारखी हलवली. आईचा चेहरा पांढराफटक पडला. लीडरबाईची तोंडावरची खूण होती वळलेली मूठ. ही दुसरी, अंड्यावर बसलेल्या कोंबडीची, तिच्या पाठीमागची होती, आणि ती अस्तित्वात आहे हे त्या बाईला पंधरा वर्षांत कळलेलं नव्हतं.

लीडरबाईने स्वतःची कोपरं तशीच हलवून पाहिली. मग जी हसायला लागली, की तिने पदराने डोळे पुसले, पाणी मागितलं आणि पुन्हा हसली. "कोंबडी काय!" ती आईला म्हणाली. "बघते एकेकीला." जाताना तिने आम्हा दोघींकडून शपथ घेतली, की बाहेरच्या कुणाला एक खूणही दाखवायची नाही. आम्ही ती पाळली.

मोठी झाल्यावर ताई घरी बसून पाकिटं चिकटवायची. गल्लीतल्या बायका तिला 'मुकी' म्हणत. ती एकोणीस वर्षांची झाली तेव्हा गिरणीत वीस नव्या बायका घ्यायच्या होत्या. आईने तिचा अर्ज भरला. अर्जात 'काही व्यंग असल्यास' असा एक रकाना होता. आईने खरं ते लिहिलं, आणि अर्ज चौथ्या दिवशी परत आला.

आई आम्हा दोघींना घेऊन मॅनेजरसाहेबांसमोर उभी राहिली. मला का नेलं, तर गिरणीत बावीस वर्षं काढून आईचेही कान मंद झाले होते. हळू बोललेलं तिला कळायचं नाही.

"हे बघा बाई, बहिऱ्या माणसाला आम्हाला कामावर घेता येत नाही," साहेब म्हणाले.

"काय म्हणाले?" आईने मला विचारलं.

मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. थोडे ओशाळले असावेत, पण मागे हटले नाहीत. आवाज चढवून म्हणाले, "आत काही झालं, कुणी हाक मारली, तर हिला कळणार कसं? अपघात झाला तर जबाबदार कोण?"

"आत कुणाची हाक कुणाला कळते, साहेब?" आई म्हणाली. "तुम्ही या ना शेडमध्ये. मला हाक मारून बघा. मी वळले तर पोरीला परत घेऊन जाते."

"मग तुमची कामं चालतात कशी?"

इथे आई अडकली. खरं उत्तर द्यायचं तर बोली फोडावी लागणार होती. ती एवढंच म्हणाली, "परवा अकरा वाजता या. दाखवते."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कपडे बदलायच्या खोलीत बायकांची बैठक झाली. आईने सगळं सांगितलं आणि मान खाली घालून बसली. बऱ्याच जणी बिथरल्या. एक म्हणाली, साहेबाला बोली कळली की आपलं संपलं. दुसरी म्हणाली, आपण इतकी वर्षं जपलं ते एका पोरीसाठी उघडं करायचं? लीडरबाई सगळ्यांचं ऐकून घेऊन शेवटी बोलली.

"जपायचं ते कुणासाठी? ती पोर दुसरं काही बोलत नाही. तिच्याएवढी स्पष्ट बोलणारी एक तरी आहे का आपल्यात? आपण अर्ध्या वेळेला तोंडही हलवतो, हात आळशासारखे फिरवतो. तिला बाहेर ठेवायचं आणि बोली आपली म्हणायची, हे मला तरी जमणार नाही."

मग कोपऱ्यातून एकीने घाबरत विचारलं, "पण गाल फुगवायचं काय करायचं?"

सगळ्या खो खो हसल्या आणि तिथेच ठरलं. दाखवायचं ते फक्त कामाचं. आणि मॅनेजरसाहेबांची खूण त्याच दिवशी बदलायची: टायची गाठ सारखी करायची, ऐटीत. साठेक बायकांनी उरलेला जेवणाचा वेळ टाय घट्ट करायचा सराव केला.

ठरल्या वेळी साहेब आले. मी ताईबरोबर शेडच्या दुसऱ्या टोकाला उभी होते. केस घट्ट बांधलेले, कशालाही हात लावायचा नाही अशी तंबी मिळालेली. साहेब आईच्या मागे दहा-बारा पावलांवर उभे राहिले आणि त्यांनी तिला नावाने हाक मारली. मग पुन्हा. मग तोंडाभोवती दोन्ही हात धरून. मानेच्या शिरा तटतटलेल्या मला लांबून दिसत होत्या. आई आपली तुटलेलं सूत सांधत होती. कुणीच वळलं नाही.

मग साहेबांनी खिशातला कागद काढून त्यावर काहीतरी लिहिलं आणि तो दाराजवळच्या लीडरबाईच्या हातात दिला. हे ताईपर्यंत पोचवा, अशी त्यांनी खूण केली आणि ते स्वतः ताईच्या दिशेने चालायला लागले. ते निघाले न निघाले तोच लीडरबाईचे हात वर गेले. तिथून रांगेतल्या दुसरीचे, तिसरीचे, एकीकडून दुसरीकडे. काम कुणाचंच थांबलं नव्हतं. ताई टाचा उचलून उंच झाली होती आणि तिची नजर साच्यांवरून धावत होती. तिने बरोबर आणलेल्या वहीत लिहायला सुरुवात केली. साहेब अर्ध्या वाटेवर होते तेव्हा तिची एक ओळ झाली होती. ते पोचले तेव्हा चार झाल्या होत्या.

साहेबांनी वही घेऊन वाचली. त्यांनी लिहिलं होतं: 'डावीकडच्या तिसऱ्या खिडकीची काच फुटली आहे का?' हा प्रश्न वहीत जसाच्या तसा होता. त्याखाली ताईच्या सुबक अक्षरात होतं: 'हो. थंडीपासून फुटलेली आहे. तीनदा लिहून दिलं. वारा थेट आत येतो म्हणून तिथल्या साच्यांवर सूत जास्त तुटतं.'

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मग आम्हाला बाहेर यायची खूण केली. आईही मागोमाग आली. दार बंद झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "मी एवढंच लिहिलं होतं. बाकीचं हिला कुणी सांगितलं?"

मी ताईला विचारलं. तिने हात पसरून सगळी शेड दाखवली. मी म्हणाले, "वाटेत सगळ्यांनीच थोडं थोडं घातलं, साहेब."

ते भिंतीला टेकून हसायला लागले. "उद्याच काच बसेल," ते म्हणाले.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"काच बसवतो म्हणाले."

"आणि पोरगी?"

साहेबांनी थेट ताईकडे बघितलं आणि मान हलवली, एकदा, खाली. ते समजायला ताईला कुणाचीच गरज नव्हती. तिने आईला जी मिठी मारली ती मॅनेजरसाहेबांसमोर, भर बोळात, आणि आईने तिला सोडवूनही घेतलं नाही.

सोमवारी ताई कामाला लागली. आठ दिवसांत तिला तिची खूण मिळाली: दोन बोटं डोळ्यांशी आणि मग सरळ लांब. दूरचं बघणारी. गल्लीतल्या नावापेक्षा तिला ती बरी वाटली, एवढंच ती सांगते. पण त्या संध्याकाळी आरशासमोर ती ती खूण पुन्हा पुन्हा करत होती, हे मी पाहिलंय. साहेबांना पुढे कुणीतरी टायची खूण समजावून सांगितली. तेव्हापासून ते शेडमध्ये आले की स्वतःच टाय सारखा करून सगळ्यांना नमस्कार केल्यासारखं करायचे, आणि बायका अगदी गंभीर चेहऱ्याने परत करायच्या.

खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत थोडं रिकामं वाटायचं. इतकी वर्षं ताई जगाशी बोलायची ती माझ्यामार्फत. आता ती संध्याकाळी घरी यायची आणि मला न विचारता मला माहीत नसलेल्या बायकांच्या गोष्टी सांगत बसायची. आठवडाभर मी रुसले. ताईला त्याचा पत्ताच नव्हता, म्हणून मग रुसणं सोडून दिलं.

पुढे चार वर्षांनी एका साच्याने सगळ्यांना जेरीस आणलं. दर दहा मिनिटांनी सूत तुटायचं. जॉबरने तीन दिवस तो खोलला आणि पुन्हा जोडला, पोटावर तेलाचे डाग पाडून घेतले, पण दोष सापडेना. ताई शेजारच्या साच्यावर होती. तिने येऊन चालू साच्याच्या लोखंडी पायावर तळहात ठेवला. थोडा पुढे सरकवला, डोळे मिटले. मग जॉबरचं मनगट धरलं आणि त्याचा हात पार मागच्या बाजूला, खाली, एका जागी टेकवला. तिथे दांडा ज्यात फिरतो ती कडी आतून झिजली होती आणि एक बारीक, वेगळी थरथर येत होती. तो म्हातारा तिथे हात ठेवून उभाच राहिला. नंतर आईला म्हणाला, "तीस वर्षं मी कानाने शोधत होतो. या आवाजात कान काय कामाचा! तुझी पोर माझ्या हाताखाली दे."

असं करत ताई जॉबर झाली. त्या गिरणीतली पहिली बाई जॉबर. बढतीच्या कागदावर 'श्री.' छापलेलं होतं. ते खोडून तिने स्वतः, भिंतीवर काढायचे तसल्या मोठ्या अक्षरात, 'श्रीमती' लिहिलं. मधल्या काळात तिचं लग्न झालं, एका बेकरीवाल्याशी. त्याला बोली शिकायला दोन वर्षं लागली आणि अजूनही त्याची बोटं जाड बोलतात असं ताईचं म्हणणं आहे. 'सूत' आणि 'सासू' यांत तो नेहमी गोंधळतो. लीडरबाई निवृत्त होईपर्यंत शेडमध्ये आणखी अकरा बहिरी माणसं कामाला लागली. अर्जातला तो रकाना अजून आहे, पण आता तिथे लिहिलेलं वाचून कुणी अर्ज परत पाठवत नाही.

गेल्या वर्षी कंपनीने दुसऱ्या गावी नवा कारखाना काढला. यंत्रं अगदी नवी, हवेच्या झोतावर चालणारी, आणि सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं. म्हणजे तिथे कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. एकाला दुसऱ्याशी बोलायचं तर यंत्र थांबवून बाहेर यावं लागे. सहा महिने झाले तरी सगळी यंत्रं एकदम अशी एक पूर्ण पाळी चालली नव्हती. वरून हुकूम आला: जॉबरबाईंना पंधरा दिवसांसाठी पाठवा. ताई तेव्हा बावन्न वर्षांची. पहिले दोन दिवस मी बरोबर होते. तिथला तरुण इंजिनियर वहीत खुणांची यादी करायला लागला. ताईने वही हळूच मिटून त्याच्या खिशात घातली आणि त्याचे दोन्ही हात धरून वर केले. तिसऱ्या दिवशी तिने मला घरी पाठवून दिलं.

पंधराव्या दिवशी मी तिला आणायला गेले. इंजिनियर मला पायऱ्यांवरच भेटला. बोलायला तोंड उघडलं आणि आधी त्याचे हातच वर गेले. "सगळी चालू आहेत," तो म्हणाला, "सकाळपासून. एकही थांबलं नाही." काचेच्या भिंतीतून मी आत पाहिलं. चाळीस माणसं यंत्रांमधून फिरत होती, बाया आणि पुरुष, आणि सगळ्यांचे हात चालू होते. काही खुणा मला नव्या होत्या. हवेच्या झोताला आमच्या शेडमध्ये शब्दच नव्हता, तो त्यांनी तिथल्या तिथे केला होता. मधोमध ताई उभी होती. एकाच वेळी ती तिघांना उत्तरं देत होती आणि चौथ्याला रागवत होती. पाळी संपल्याचा लाल दिवा लागला तेव्हा त्या चाळीस जणांनी बाहेर येऊन तिला एका खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं. ती खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती, त्यामुळे तिला काहीच बोलता येईना.

परतीच्या गाडीत तिने खिडकीजवळची जागा घेतली आणि दोन्ही हातांची बोटं ताणून मोडली.

"काय झालं?" मी विचारलं.

"दुखतायत," ती म्हणाली. "पंधरा दिवस बोलतेच आहे."

"मग आता जरा गप्प बस."

तिने हात मांडीवर ठेवले. पुढचा थांबा यायच्या आधीच तिने मला कोपराने ढोसलं, आणि तो तरुण इंजिनियर पहिल्या दिवशी काय काय चुकला ते अगदी सुरुवातीपासून सांगायला लागली.